नैराश्याच्या औषधचाचण्यांत कोणाला घेतात, कोणाला वगळतात आणि मग निष्कर्ष कोणाला लागू पडतात?

रानजाई

नैराश्यावरचे एखादे नवे औषध परिणामकारक ठरल्याची बातमी आली की आपण किती टक्के रुग्णांना बरे वाटले हा आकडा वाचतो. त्या चाचणीत दाखल व्हायला किती जण आले होते आणि त्यांतल्या किती जणांना परत पाठवले गेले, हे बातमीत बहुधा नसते. मी एका मानसोपचार विभागात औषधचाचण्यांची समन्वयक म्हणून काम करते. संभाव्य सहभागी व्यक्तीला संमतिपत्र समजावून सांगणे, तिचे जुने केसपेपर तपासणे आणि निकषांच्या यादीवर एकेक खूण करत जाणे हे माझे रोजचे काम आहे. त्या अनुभवावरून माझे ठाम मत झाले आहे की पात्रतेचे निकष हा चाचणीच्या निकालाचाच भाग आहे आणि ते वाचल्याशिवाय टक्केवारीला अर्थ नाही.

औषधकंपनीच्या तिसऱ्या टप्प्यातील (म्हणजे मंजुरीआधीच्या मोठ्या) चाचणीचे निकष साधारण असे असतात: वय १८ ते ६५, नैराश्याचा सध्याचा झटका किमान काही आठवडे चाललेला, पण फार जुनाट न झालेला, मापनपट्टीवर ठरावीक गुणांहून अधिक गुण. उन्माद-अवसाद म्हणजे बायपोलर आजार, भ्रम किंवा भास, गेल्या काही महिन्यांतील दारूचे वा इतर व्यसन, आत्महत्येचा तातडीचा धोका, गर्भारपण, नियंत्रणात नसलेला थायरॉईड किंवा मधुमेह आणि हृदयाच्या आलेखातील दोष यांपैकी काहीही आढळले तर दार बंद होते. याआधी दोन-तीन औषधांनी गुण आला नसेल तरीही पुष्कळ चाचण्यांत प्रवेश मिळत नाही.

यातील प्रत्येक अट अन्यायाची आहे असे मी म्हणणार नाही. बायपोलर रुग्णाला नुसते नैराश्यविरोधी औषध दिल्यास तो उन्मादाकडे झुकू शकतो. मनात आत्महत्येचे विचार घोळत असलेल्या माणसाला आठ आठवडे औषधाविना गोळी (तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो) मिळण्याची शक्यता पत्करायला सांगणे कोणत्याही नीतिमत्ता समितीला मान्य होणार नाही. दारू चालू असेल तर झोप, भूक आणि मनःस्थिती यांत झालेला बदल औषधाने झाला की दारू कमी केल्याने, हे सांगता येत नाही. अडचण अशी की या सगळ्या अटी एकत्र लावल्यावर जो माणूस शिल्लक राहतो, तो आपल्या ओपीडीच्या बाकावर क्वचितच बसलेला दिसतो.

हे माझे एकटीचे निरीक्षण नाही. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे मार्क झिमरमन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेहमीच्या ओपीडीत आलेल्या ३४६ नैराश्यग्रस्त रुग्णांना औषधचाचण्यांचे प्रचलित निकष लावून पाहिले. बायपोलर आणि मनोविकृतीची लक्षणे असलेले सुमारे एक षष्ठांश रुग्ण आधीच बाजूला झाले. उरलेल्या २९३ जणांपैकी २५२ जण, म्हणजे ८६ टक्के, सोबतचा चिंताविकार किंवा व्यसन, अपुरी तीव्रता किंवा आत्महत्येचे विचार यांमुळे अपात्र ठरले असते. चिंताविकार हे तर नैराश्याचे नित्याचे सोबती आहेत. 'जीव घाबरा होतो, छातीत धडधडतं, डोकं जड होतं' असे सांगत न येणारा नैराश्याचा रुग्ण आपल्याकडे विरळाच.

मापनपट्टीविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण पात्रतेचा काटा तिथेच फिरतो. मॅक्स हॅमिल्टन यांनी १९६० साली मांडलेली सतरा कलमांची पट्टी अजूनही वापरात आहे. तिच्यात एकूण ५२ गुण असतात आणि अनेक चाचण्यांत प्रवेशासाठी किमान १८ ते २० गुण लागतात. या सतरांपैकी तीन कलमे झोपेची आहेत: झोप लागायला वेळ लागतो का, मध्यरात्री जाग येते का आणि पहाटे लवकर जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही का. या तिन्हींचे मिळून सहा गुण होतात. आता दुपारी बारापर्यंत अंथरुणातून उठवत नाही, सतत खावेसे वाटते, हातपाय शिसे भरल्यासारखे जड झाले आहेत आणि जगण्यात रस उरलेला नाही, असे सांगणारी विशीतील मुलगी समोर बसली आहे असे समजा. तिला झोपेच्या तिन्ही कलमांत शून्य मिळते, भूक आणि वजन कमी झाल्याचेही गुण मिळत नाहीत. कॉलेज सुटले आणि मैत्रिणी दुरावल्या असल्या, तरी तिची बेरीज पंधरा-सोळावर अडकू शकते. कागदावर ती 'पुरेशी आजारी' नसते. असे कोणी समोर आले की मला त्या पट्टीचा मनापासून राग येतो, आणि गुण मात्र मी पट्टीत जे लिहिले आहे तसेच देते.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. चाचणीला घेता न आलेल्या व्यक्तीचे पुढे काय होते, याची नोंद निकालाच्या निबंधात एका आकड्यापुरती असते. माणूस मोठ्या कष्टाने स्वतःविषयी बोलायला तयार झालेला असतो. घरातल्या कोणालाही न सांगितलेले त्याने परक्या खोलीत सांगितलेले असते, आणि त्यानंतर त्याला 'तुम्ही निकषांत बसत नाही' असे ऐकावे लागते. आमच्याकडे आम्ही एक शिस्त पाळतो: आत्महत्येविषयीच्या प्रश्नाला होकार आला, तर अपात्रतेची खूण करण्याआधी त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांशी भेट करून द्यायची आणि सोबत आलेल्या नातेवाइकाशीही बोलायचे. हे सगळीकडे सक्तीचे असले पाहिजे, असे मला वाटते.

इतरांचे अनुभव आणि मते वाचायला आवडतील.

मध्यमान

धागा आवडला. आकडेवारीच्या बाजूने दोन गोष्टी जोडतो.

अमेरिकी सरकारच्या पैशाने झालेल्या स्टार-डी या अभ्यासात निकष मुद्दाम सैल ठेवले होते. वय १८ ते ७५, हॅमिल्टन पट्टीवर १४ गुण पुरेसे, सोबतचे बहुतेक शारीरिक व मानसिक आजार चालणारे, आणि जाहिरात देऊन रुग्ण न मिळवता दवाखान्यात उपचारासाठी आपणहून आलेल्यांनाच विचारायचे. असे ४,०४१ जण दाखल झाले आणि सर्वांना पहिल्या पायरीवर सिटालोप्राम हेच औषध दिले गेले. पुढे २००९ साली त्याच अभ्यासाच्या माहितीवर एक प्रश्न विचारला गेला: यांतले किती जण कंपनीच्या नेहमीच्या चाचणीत बसले असते? उत्तर आले २२.२ टक्के. जे बसले असते त्यांच्यातील ३४.४ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले, जे बसले नसते त्यांच्यातील २४.७ टक्के. औषध तेच होते आणि देणारे दवाखानेही तेच होते. म्हणजे निवडीच्या चाळणीमुळेच दहा टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. रानजाई यांचे म्हणणे याहून नेमकेपणाने मांडता येणार नाही.

याच अभ्यासावर २०२३ साली पुन्हा वाद झाला. एका उपचाराने गुण न आल्यास पुढचा, अशा चारही पायऱ्यांनंतर ६७ टक्के रुग्ण लक्षणमुक्त होतात, असे मूळ संशोधकांनी म्हटले होते. फेरविश्लेषण करणाऱ्यांनी मूळ आराखड्याला धरून मोजणी केली तेव्हा त्यांना ३५ टक्के मिळाले. मूळ संशोधकांनी त्यांच्या पद्धतीवर आक्षेप घेतले आहेत. प्रवेशाच्या वेळी किमान गुणांच्या खाली असलेले रुग्ण हिशेबात धरायचे की नाही, हा त्या वादातील एक मुद्दा आहे.

दुसरी गोष्ट गुण फुगण्याची. प्रवेशासाठी वीस गुण हवेत हे मूल्यमापन करणाऱ्याला ठाऊक असेल, रुग्णभरतीची मुदत जवळ आली असेल आणि प्रत्येक दाखल रुग्णामागे केंद्राला पैसे मिळत असतील, तर अठरा-एकोणीसच्या रुग्णाला वीस-एकवीस मिळू लागतात. यात दरवेळी लबाडी असतेच असे नाही. 'एक की दोन' अशा संशयाच्या जागी हात नकळत दोनकडे वळतो. पुढच्या भेटीत गुण फुगवण्याचे कारण उरत नाही, म्हणून ते आपोआप उतरतात आणि ती घट औषध घेणाऱ्या आणि औषधाविना गोळी घेणाऱ्या अशा दोन्ही गटांत सुधारणा म्हणून नोंदली जाते. औषधाविना गोळी घेणाऱ्यांमध्ये ३५ ते ४० टक्के जणांना लक्षणीय उतार पडलेला दिसतो, त्यामागच्या अनेक कारणांपैकी हे एक आहे. त्यामुळे चांगले औषधही निष्प्रभ ठरू शकते.

रानजाई

मध्यमान, अगदी खरे आहे. त्यावर उपाय म्हणून आता काही चाचण्यांत मूल्यमापन करणारी व्यक्ती केंद्राबाहेरची असते, फोनवर किंवा व्हिडिओवर मुलाखत घेते, आणि प्रवेशाची किमान गुणसंख्या केंद्राला कळवलीच जात नाही. मला ही पद्धत पटते. मात्र आमच्याकडच्या वयस्कर बायका पडद्यावरच्या अनोळखी माणसाशी मोकळेपणाने बोलत नाहीत. डोक्यावरचा पदर सावरत त्या 'बरं आहे सगळं' एवढेच म्हणतात, आणि तेव्हा गुण फुगण्याऐवजी आटतात.

अक्षांश४०

मी न्यू जर्सीत राहतो. इथे चाचणीसाठीची भरती प्रामुख्याने जाहिरातींतून होते. रेडिओवर, लोकल गाडीत, फोनच्या पडद्यावर 'तुम्हाला उदास वाटते का?' असे विचारणाऱ्या जाहिराती असतात आणि भेटीमागे मोबदलाही मिळतो. त्याचा एक परिणाम असा की एकाच वेळी दोन-दोन चाचण्यांत नाव घालणारे, निकष पाठ असलेले लोक तयार झाले आहेत, आणि त्यांना ओळखण्यासाठी सहभागींच्या सामाईक नोंदवह्या ठेवाव्या लागतात. याची दुसरी बाजूही मी जवळून पाहिली आहे. माझ्या परिचयातील एका गृहस्थांकडे विमा नव्हता. चाचणीत निवड झाल्यामुळे त्यांना कित्येक वर्षांत पहिल्यांदा मानसोपचारतज्ज्ञाने सलग तासभर ऐकून घेतले. भारतात जाहिराती चालतात का?

रानजाई

जाहिरातीचा मजकूर नीतिमत्ता समितीने मंजूर केलेला असेल तर चालतो, पण आपल्याकडे बहुतेक सहभागी त्याच विभागाच्या ओपीडीतून येतात. त्यातून वेगळा पेच उभा राहतो. ज्या डॉक्टरांवर रुग्णाचा विश्वास आहे तेच चाचणीचे प्रमुख असतात, आणि 'डॉक्टर सांगतात म्हणजे माझ्या भल्याचंच असणार' असे म्हणून माणूस न वाचता सही करायला पेन मागतो. आपल्याला कोणते औषध मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरणार आहे आणि ते डॉक्टरांनाही कळणार नाही, हे मी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगते आणि मग त्यांनाच ते परत सांगायला लावते. कित्येकदा उत्तर येते, 'मला चांगलंच औषध देणार ना?' असे उत्तर आले की सही थांबवायची, संमतिपत्र घरी न्यायला द्यायचे आणि दोन दिवसांनी पुन्हा बोलवायचे. भरतीचा वेग त्यामुळे मंदावतो, आणि तो मंदावलेलाच बरा.

कायद्याचे पाठबळही आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ९९ नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीची मुक्त आणि माहितीपूर्ण संमती घेतल्याशिवाय तिच्यावर संशोधन करता येत नाही. नवी औषधे व वैद्यकीय चाचणी नियम, २०१९ प्रमाणे संमतिपत्र समजेल अशा भाषेत हवे, व्यक्ती निरक्षर असेल तर निःपक्ष साक्षीदार हवा आणि चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई द्यावी लागते.

किनारा

गोव्यातून लिहीत आहे. सगळ्याच चाचण्या इतक्या अरुंद दाराच्या नसतात, हे इथे नोंदवावेसे वाटते.

संगाथ संस्थेने गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ऑक्टोबर २०१३ ते जुलै २०१५ या काळात ४९५ जणांना एका चाचणीत घेतले. ती औषधाची चाचणी नव्हती. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत रुग्णाला पुन्हा कामात, माणसांत, आवडीच्या गोष्टींत गुंतवायचे, असा तो उपचार होता. वय १८ ते ६५ आणि नऊ प्रश्नांच्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत १४ हून अधिक गुण, एवढेच मुख्य निकष होते. गर्भवती स्त्रिया, तातडीच्या वैद्यकीय उपचाराची गरज असलेले आणि स्पष्ट संवाद न साधू शकणारे वगळले गेले. सोबत चिंताविकार आहे म्हणून कोणाला परत पाठवले नाही.

माझ्या दृष्टीने खरी गोष्ट भरती कुठे झाली ही आहे. हे लोक मनाच्या डॉक्टरकडे आलेले नव्हते. ताप, अंगदुखी, रक्तदाब यांसाठी केंद्रात आलेल्यांना रांगेतच प्रश्न विचारले गेले. तीन महिन्यांनी ४९५ पैकी ४६६ जणांचे मूल्यमापन पूर्ण झाले, आणि समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के तर न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के लक्षणमुक्त झाले होते. ज्यांना शोधून घेतले त्यांच्यासारखीच माणसे आमच्या प्रत्येक आरोग्य केंद्राच्या रांगेत उभी असल्यामुळे हा आकडा मला आपला वाटतो.

त्या चाचणीत गर्भवती स्त्रियांना जागा नव्हती, पण गोव्यातच पुढे २८० गर्भवती स्त्रियांची वेगळी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. वगळलेल्यांसाठी स्वतंत्र अभ्यास उभा करता येतो, याचा हा जवळचा पुरावा आहे.

मनोमन

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. किनारा यांच्या शेवटच्या मुद्द्याला धरून आत्महत्येच्या निकषाविषयी लिहितो.

या रुग्णांना नेहमी वगळले गेल्यामुळे ज्यांना औषधाची गरज सर्वाधिक त्यांच्याविषयीच आपल्याला सर्वांत कमी माहिती आहे. हे बदलता येते. एस्केटामिन या नाकात फवारायच्या औषधाच्या दोन चाचण्यांत आत्महत्येचा विचार आणि इरादा असलेल्या रुग्णांनाच मुद्दाम घेतले. त्यांना सुरुवातीला रुग्णालयात ठेवले आणि सर्वांना नेहमीचे पूर्ण उपचार चालू ठेवून त्यावर औषध किंवा नुसता फवारा दिला. चोवीस तासांत नैराश्याची लक्षणे औषधाच्या गटात अधिक उतरली. आत्महत्येच्या धोक्याच्या तीव्रतेत मात्र दोन गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. हे दुसरे वाक्यही तितकेच मोलाचे आहे, कारण त्या रुग्णांना वगळले असते तर ते कधीच कळले नसते. खर्च आणि मनुष्यबळ अधिक लागते, हे मान्य. पण 'धोका आहे म्हणून घेत नाही' या वाक्याआड पुष्कळदा 'देखरेखीचा खर्च परवडत नाही' हे कारण असते, आणि ते तसे स्पष्टपणे लिहिले जावे.

वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या मनात असे विचार येत असतील तर टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

शिशिर

सर्वांचे प्रतिसाद लक्षपूर्वक वाचले. माझा धाकटा भाऊ काही महिने एस्सिटालोप्राम हे नैराश्यावरचे औषध घेत आहे. झोप सुधारली, कामावर जातो, पण पूर्वीसारखा तो राहिलेला नाही. एका चाचणीविषयी कळले आहे आणि तो म्हणतो की त्यासाठी आधीच्या गोळ्या बंद कराव्या लागतील, म्हणून त्याने आजपासूनच त्या सोडायचे ठरवले आहे. मी काय करावे?

मनोमन

शिशिर, त्याला आजच थांबवा. गोळ्या मनाने सोडल्यास चक्कर, अस्वस्थता, झोप उडणे यांसारखे त्रास होतात आणि आजार उलटू शकतो. औषध शरीरातून जाऊ देण्याचा काळ काही चाचण्यांत ठेवलेला असतो. तो औषधागणिक बदलतो. फ्लुओक्सेटिनसाठी साधारण पाच आठवडे धरतात. पण तो काळ संमतिपत्रावर सही झाल्यानंतर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरू होतो, त्याआधी नाही.

शिवाय तुमच्या भावाच्या स्थितीतील रुग्णांसाठी दुसऱ्या प्रकारच्या चाचण्या असतात. त्यांत चालू औषध तसेच ठेवून त्याला नव्या औषधाची जोड दिली जाते. चालू औषधाने अर्धवटच गुण आलेला असणे हाच तिथे पात्रतेचा निकष असतो, म्हणजे त्याने गोळ्या सोडल्या तर तो त्या चाचणीला अपात्र ठरेल.

रानजाई

शिशिर, डॉक्टरांनी सांगितलेच आहे. मी कागदपत्रांचे सांगते. भारतातील प्रत्येक औषधचाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदणीस्थळावर करणे १५ जून २००९ पासून बंधनकारक आहे. तिथे आजाराच्या नावाने शोधल्यास पात्रतेचे आणि वगळण्याचे निकष, केंद्रांची यादी, नीतिमत्ता समितीच्या मंजुरीची स्थिती आणि भरती चालू आहे की बंद, हे सगळे मोफत वाचता येते. तुम्हाला कळलेली चाचणी तिथे सापडली नाही, तर भावाला तिकडे पाठवू नका.

सापडली तर जाताना त्याच्या सगळ्या जुन्या चिठ्ठ्या घेऊन जा. कोणते औषध, किती मिलिग्रॅम आणि किती आठवडे घेतले, हे आम्हाला प्रत्येक औषधासाठी वेगळे लिहावे लागते. पुरेशा मात्रेत पुरेसे आठवडे घेतलेले औषधच 'घेऊन पाहिले' असे धरले जाते. दहा दिवसांत सोडलेले धरत नाहीत. चिठ्ठ्या हरवल्या असतील तर औषधाच्या दुकानातील बिले किंवा रिकाम्या पट्ट्यांचे फोटोही चालतात. मध्ये एखाद्या महिन्यात त्याने गोळ्या चुकवल्या असतील तर तेही सांगायला सांगा. त्यासाठी त्याला कोणी रागावणार नाही, आणि न सांगितल्यास त्याच्या नावापुढे चुकीचा इतिहास लिहिला जाईल.